परगांवची मजुरी, गरोदर स्त्री व एच्. आय्. व्ही.

दसरा झाला कीं बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) ह्या जिल्ह्यांच्या कोरडवाहू टापूंतून उंसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडूं लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यांतच खर्चून गेलेली असते. ती फेडण्यासाठीं नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ह्या धंद्यांत जिला एक 'कोयता' म्हणतात ती, भांडींकुंडीं, धाकटीं मुलें व एखादी शेळी घेऊन ट्रॉलींत बसते. आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें, सोलापूर किंवा कर्नाटकांतील बेळगांव ह्या बाजूस पांच-सहा महिन्यांपुरती जाऊन राहते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा ऊंस ह्याच हातांनीं कापला जातो. कांहीं वाचकांचे स्वतःचे आप्त ह्या टोळ्यांत असतात, आणि ज्यांचे नसतील त्यांचा एखादा मुलगा, भाऊ किंवा जांवई मुंबई, पुणें, सुरत ह्यांपैकीं कोठें तरी खोली करून राहत असतो किंवा ट्रक चालवीत असतो. तेव्हां ह्या अंकांत खतें-बियाण्यांचा विषय क्षणभर बाजूस ठेवून परगांवीं जाणाऱ्या कुटुंबांतील गरोदर स्त्री व एच्. आय्. व्ही. ह्या विषयावर लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. शेतकीच्या मासिकांत हा विषय कशाला, असें ज्यांस वाटेल त्यांनीं लेख शेवटपर्यंत वाचून मग आम्हांस दोष द्यावा.

एच्. आय्. व्ही. हा मनुष्याच्या शरीरांतील रोगप्रतिकाराची शक्ति हळूहळू पोखरणारा विषाणु आहे. तो शरीरांत शिरल्यावर वर्षानुवर्षें कांहींएक बाह्य लक्षण न दाखवितां राहूं शकतो, आणि उपचार न मिळाल्यास शेवटीं ज्या अवस्थेस पोंचवितो तिला एड्स म्हणतात. आपल्या देशांत तो प्रथम १९८६ सालीं मद्रास (हल्लींचें चेन्नई) येथें आढळला. सेल्लप्पन निर्मला ह्या विद्यार्थिनीनें गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून तो उघडकीस आला. तिच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन ह्या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेंत स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय कुटुंबांतील होत्या. विषाणूचे मार्ग चारच : निरोधावांचून झालेला शरीरसंबंध, दूषित रक्त, एकमेकांच्या सुया वापरणें, आणि आईकडून मुलाकडे. एका विहिरीचें पाणी, एका ताटांतली भाकरी, हस्तस्पर्श, खोकला, डांस ह्यांपैकीं कशानेंही तो पसरत नाहीं. हें सर्वांस ठाऊक आहे असें म्हणतात, परंतु टोळींतल्या एखाद्या बाईचा तांब्या वेगळा ठेवलेला पाहिला म्हणजे तें किती जणांस खरोखर पटलें आहे ह्याची शंका येते.

आतां स्थलांतराचा प्रश्न. परगांवीं गेल्यानें कोणास रोग होत नाहीं. रोग होतो तो ज्या स्थितींत परगांवीं जावें लागतें व राहावें लागतें तिच्यामुळें. एकटा पुरुष आठ-दहा महिने घरापासून दूर राहतो. एका खोलींत दहा-बारा जण झोपतात. हातांत रोख पैसा असतो, ओळखीच्या माणसाचा धाक नसतो, संध्याकाळीं दारूवांचून दुसरी करमणूक नसते, आणि गुप्तरोगाची कांहीं तक्रार झालीच तर परक्या शहरांत कोणापाशीं बोलावें हें समजत नाहीं. अशा स्थितींत शंभरांपैकीं नव्वद जण नीट राहिले तरी उरलेल्या दहांचा संसर्ग दहा गांवांत पोंचतो. देशांत २०१७ सालच्या पाहणींत गरोदर स्त्रियांमध्यें एच्. आय्. व्ही. चें प्रमाण ०.२८ टक्के, एकट्यानें परगांवीं राहणाऱ्या पुरुषांत ०.५१ टक्के व ट्रकचालकांत ०.८६ टक्के आढळलें. म्हणजे हजारीं अनुक्रमें सुमारें तीन, पांच व नऊ. हे आंकडे सबंध देशाचे सरासरीचे आहेत. त्यांवरून अमुक मनुष्य दूषित, असें अनुमान काढणें हा शुद्ध अविचार होय. परंतु हे वाढते आंकडे ज्या घरांत येऊन मिळतात तें घर गांवांतलें आहे, हें मात्र त्यांवरून दिसतें.

हें प्रथम स्पष्ट झालें तें आपल्याच प्रांतांत. पुणें येथें १९९३ ते १९९६ ह्या काळांत गुप्तरोगांच्या दवाखान्यांतून आलेल्या स्त्रियांची तपासणी झाली व तिचे निष्कर्ष १९९७ सालीं प्रसिद्ध झाले. वेश्याव्यवसायाशीं कांहींएक संबंध नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकीं १३.६ टक्के स्त्रियांच्या रक्तांत विषाणु आढळला. ह्यांपैकीं पुष्कळ स्त्रिया लग्न झालेल्या होत्या व त्यांचा संबंध स्वतःच्या नवऱ्यापलीकडे कोणाशींही आलेला नव्हता. दवाखान्यांत येणाऱ्या आजारी स्त्रियांचा हा आंकडा सर्वसाधारण स्त्रियांस लावतां येणार नाहीं, हें खरें. तथापि "चांगल्या घरांतल्या बाईला हा रोग होत नाहीं" ह्या समजुतीचें त्या दिवशीं खंडन झालें, आणि तिचा पुनरुच्चार अद्यापि थांबलेला नाहीं ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. ज्या स्त्रीनें गांवची वेस ओलांडली नाहीं तिलाही दुसऱ्यानें केलेल्या स्थलांतराचा धोका पोंचतो. नवरा दिवाळीस येतो, शिमग्यास येतो, गांवच्या यात्रेस येतो. तो पैसे आणतो, लुगडें आणतो, आणि आपण काय आणलें आहे हें पुष्कळदां त्याला स्वतःलाही ठाऊक नसतें. बायकोनें त्याच्यापाशीं निरोधाची गोष्ट काढावी असें शहाणी माणसें सांगतात. पण ज्या घरांत लवकर मूल व्हावें म्हणून सासू देवास नवस बोलत आहे त्या घरांत ती गोष्ट कशी काढावी, हें तीं सांगत नाहींत.

येथें एक भेद लक्षांत ठेविला पाहिजे. उंसतोडणीस जोडपें बरोबरच जातें. त्यामुळें एकट्या राहणाऱ्या पुरुषाच्या संगतीचा जो धोका, तो येथें त्या प्रमाणांत असेलच असें नाहीं, आणि तोडणीकामगारांवर तसा शिक्का मारण्यास आम्ही तयार नाहीं. त्यांची अडचण निराळी आहे. टोळीसाठीं जोडी पुरी करावयाची म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचें लग्न उरकलें जातें, आणि पहिलें गरोदरपण उंसाच्या फडांतच निघतें. कोपीला दार नसतें. शौचास व पाण्यास अंधारांत लांब जावें लागतें. उचल फिटेपर्यंत ज्याच्या शब्दाखालीं राहावयाचें त्याची नजर वांकडी असली तर तक्रार करावी कोणापाशीं? अशा प्रकारांस कित्येक स्त्रियांस तोंड द्यावें लागतें व त्या बोलत नाहींत. आणि सर्वांत मोठी अडचण ही कीं, गरोदर स्त्रीसाठीं सरकारनें जी सोय केली आहे ती गांवाशीं बांधलेली आहे, आणि ही स्त्री गांवांत नाहीं.

ती सोय काय आहे हें सांगण्यापूर्वीं गरोदरपण व हा विषाणु ह्यांचा संबंध थोडा उलगडून सांगितला पाहिजे. गरोदरपणांत स्त्रीच्या शरीरांत जे फेरबदल होतात त्यांमुळें तिला संसर्ग लागण्याचा संभव एरव्हींपेक्षां अधिक असतो. आफ्रिकेंतील जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासांत, जो २०१८ सालीं प्रसिद्ध झाला, गरोदरपणाच्या उत्तरार्धांत हा संभव सुमारें तिप्पट व बाळंतपणानंतरच्या महिन्यांत सुमारें चौपट आढळला. म्हणजे ज्या महिन्यांत नवरा बाळंतिणीला भेटावयास म्हणून कामावरून येतो त्याच महिन्यांत ती अधिक नाजूक असते. दुसरी गोष्ट अशी कीं, संसर्ग ताजा असतांना रक्तांतील विषाणूंची संख्या फार मोठी असते, आणि म्हणून गरोदर असतांना किंवा अंगावर पाजीत असतांना लागलेला संसर्ग बाळास पोंचण्याची भीति जुन्या संसर्गापेक्षां जास्त असते. तिसरी गोष्ट ह्याहून फसवी आहे. विषाणु शिरल्यापासून कांहीं आठवडे, प्रसंगीं तीन महिन्यांपर्यंत, नेहमींच्या चांचणींत तो दिसत नाहीं. तेव्हां तिसऱ्या महिन्यांत केलेली तपासणी निर्दोष आली म्हणून नवव्या महिन्यापर्यंत निर्धास्त राहणें योग्य नव्हे. ज्या स्त्रीचा नवरा बाहेरगांवीं राहतो व मधून मधून घरीं येतो तिनें शेवटच्या महिन्यांत पुन्हां एकदां तपासणी मागून घ्यावी. डॉक्टर स्वतः होऊन विचारतील अशी वाट पाहूं नये.

आतां बाळाविषयीं. आईकडून मुलाकडे विषाणु तीन वेळां जाऊं शकतो : पोटांत असतांना, जन्मतांना, व दुधावाटे. कांहीं उपाय न केल्यास अशा शंभर मुलांपैकीं पंधरापासून पंचेचाळीसपर्यंत मुलांस संसर्ग होतो. उंसाची काणी बेण्यांतून पुढल्या पिकांत जाते व बेण्यास उष्णतेचा संस्कार दिला असतां ती बहुतांशीं थांबते, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. येथेंही प्रकार तसाच आहे. मात्र उपमा इतकीच घ्यावी, कारण काणीचें बेट आपण उपटून जाळतों, आणि येथें आईला जगवूनच बाळ वांचतें.

हा उपाय सांपडण्याचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिका व फ्रान्स येथील डॉक्टरांनीं १९९४ सालीं असें दाखविलें कीं, झिडोव्हुडीन हें औषध आईस गरोदरपणांत व बाळंत होतांना, आणि बाळास जन्मानंतर दिलें असतां संसर्गाचें प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येतें. तें औषध महाग होतें व त्याचा क्रम लांबलचक होता. पुढें १९९९ सालीं युगांडाच्या कंपाला शहरांत नेव्हिरापीन ह्या स्वस्त औषधाची एक मात्रा प्रसूतीच्या वेळीं आईस व एक मात्रा बाळास देऊन प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणण्यांत आलें. गरीब देशांस ह्या शोधानें प्रथम आशा वाटली. आपल्याकडे २००२ सालीं हा कार्यक्रम देशभर हातीं घेण्यांत आला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी ए. आर्. टी. केंद्रांतून औषधें फुकट मिळूं लागलीं. आणि १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीस, तिची प्रकृति कशीही असो, औषध लगेच सुरू करून तें जन्मभर चालू ठेवावें असें ठरलें. हल्लीं टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन व डोल्युटेग्राव्हिर हीं तीन औषधें एकाच गोळींत मिळतात. रोज एक गोळी, एवढाच आईचा उपचार. बाळास जन्मापासून निदान सहा आठवडे पातळ औषध पाजावयाचें, सहा आठवड्यांचें झाल्यावर त्याच्या रक्ताची खास तपासणी करावयाची, व पुढें अठरा महिन्यांचें झालें म्हणजे अखेरचा निर्णय घ्यावयाचा. हा क्रम नीट पाळला असतां अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाळासही संसर्गाचें प्रमाण शेंकडा पांचांच्या आंत राहतें. एकंदर औषधशास्त्रांत इतक्या थोड्या खर्चांत इतकें मोठें फळ देणारे उपाय फार थोडे आहेत. शिवाय औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तांतील विषाणु मोजण्याइतकेही उरत नाहींत त्याच्यापासून शरीरसंबंधानें दुसऱ्यास संसर्ग होत नाहीं, हें आतां निःसंशय सिद्ध झालें आहे.

तर मग अडतें कोठें? गेल्या हंगामांत आम्ही एका कारखान्याच्या हद्दींतील तोडणीच्या तळावर गेलों होतों. उन्हें उतरतीला लागलीं होतीं व एक बाई मोळी डोक्यावरून उतरवून गाडीशीं टेकली होती. तिला सहज विचारलें, "ताई, कितवा महिना?"

"सातवा सरत आलाय, दादा."

"तपासणी झाली का?"

"गावाकडं झाली होती एकदा, भादव्यात. कार्ड तिकडंच राह्यलं पेटीत."

"मग इथल्या दवाखान्यांत कां गेलां नाहींत?"

"जावं तर दिस मोडतो. खाडा पडतो. आन् जोडीतला एक बसला की दुसऱ्याचंबी काम थांबतं."

मुकादम जवळच उभा होता. तो मनुष्य दुष्ट नव्हता. "साहेब, मला वर टनाचा हिशेब द्यावा लागतो," एवढेंच तो म्हणाला, आणि तेंही खोटें नव्हतें.

ह्या चार वाक्यांत सर्व कथा आली. भाद्रपदांत गांवच्या उपकेंद्रांत बोटाला सुई टोंचून रक्ताचा थेंब घेतला जातो. त्या पहिल्या चांचणींत संशय आला तर मोठ्या रुग्णालयांतील एकात्मिक सल्ला व तपासणी केंद्रांत जाऊन तीन निरनिराळ्या चांचण्यांनीं खात्री करावी लागते. एकाच थेंबावरून कोणास रोगी ठरवीत नाहींत व ठरवूंही नये. परंतु खात्रीची तारीख दसऱ्यानंतरची असली तर ती स्त्री तेव्हां दोनशें मैलांवर असते. गांवची आशाताई घरीं जाऊन परत येते, वहींत 'स्थलांतरित' असा शेरा मारते, आणि तिचें काम तेथें संपतें. जेथें ती स्त्री राहते तेथील आशाताईच्या वहींत तिचें नांवच नसतें. ज्या स्त्रीचें औषध सुरू झालेलें असतें तिची तऱ्हा आणखी वाईट. महिन्याच्या गोळ्या संपतात, नव्या केंद्राचा पत्ता ठाऊक नसतो, आणि कोपींत सर्वांदेखत गोळी खावी कशी ह्या भीतीनेंच कित्येक जणी डबी गांवीं ठेवून येतात. गोळी थांबली कीं विषाणु पुन्हां वाढतो, आणि तो नेमका बाळंतपणाच्या सुमारास वाढलेला असतो.

असेंच, पण ज्याकडे कोणी स्थलांतर म्हणून पाहत नाहीं असें, दुसरें एक जाणें-येणें आपल्या घरोघरीं आहे. सातव्या महिन्यांत ओटी भरून मुलीला पहिल्या बाळंतपणास माहेरीं नेण्याची चाल सर्वत्र आहे व ती चांगलीच आहे. परंतु नांव सासरच्या केंद्रांत, बाळंतपण माहेरच्या तालुक्यांत आणि बाळाची तपासणी पुन्हां सासरीं, अशा तीन ठिकाणीं तिचे कागद फिरतात किंवा फिरत नाहींत. लग्न नवें असल्यामुळें आपल्या आजाराची गोष्ट आईला सांगावी कीं नाहीं ह्या पेचांत पडलेली मुलगी माहेरच्या रुग्णालयांत कांहींच बोलत नाहीं. ओटींत नारळ व खण घालतांना तिचें माता-बाल संरक्षण कार्डही बरोबर दिलें आहे काय, इतकें सासूबाईंनीं पाहावें.

बाळाच्या दुधासंबंधीं आमच्याकडे दोन टोंकांच्या समजुती आहेत. एक, बाधित आईनें अंगावर पाजूंच नये. दुसरी, थोडें आईचें व थोडें वरचें असें दिलें म्हणजे धोका निम्मा होतो. दुसरी समजूत पहिलीहून घातक आहे. आई औषध घेत असेल तर तिनें पहिले सहा महिने केवळ स्वतःचें दूध पाजावें असा डॉक्टरांचा सल्ला असतो. ह्या महिन्यांत आईच्या दुधाबरोबर गाईचें दूध, साखरेचें पाणी, मध किंवा बाळघुटी दिली असतां बाळाच्या कोंवळ्या आंतड्यांस इजा होऊन विषाणूस वाट मिळते. आतां फडांतील व्यवस्था पाहा. आई पहांटे कोयता घेऊन जाते. बाळ कोपींत सात-आठ वर्षांच्या बहिणीपाशीं असतें. तें रडलें म्हणजे ती बिचारी साखरेचें पाणी चमच्यानें पाजते. त्या मुलीस किंवा आईस दोष देण्यांत अर्थ नाहीं. फडाच्या कडेला सांवली असलेली झोळी बांधण्यास जागा व दर दोन-तीन तासांनीं पाजण्यास सवड मिळाली, तरच डॉक्टरांचा सल्ला पाळतां येईल.

ह्या रोगाच्या निदानांत एक विचित्र अन्याय आहे. गरोदर स्त्रीची तपासणी नेमानें होते, नवऱ्याची होत नाहीं. त्यामुळें घरांत प्रथम तिचें नांव उघड होतें, आणि ज्याचें नांव प्रथम उघड झालें त्यानेंच रोग आणला असें घरचे लोक धरून चालतात. नवरा मेल्यावर सुनेला घराबाहेर काढण्याचे प्रकार ह्याच मुलुखांत घडले आहेत. उलट, रोग नेहमीं पुरुषच आणतो असें म्हणणेंही खरें नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत खाणींवर व कारखान्यांत कामास जाणाऱ्या पुरुषांच्या जोडप्यांचा अभ्यास झाला, त्यांत ज्या जोडप्यांतील एकच जण बाधित होता त्यांपैकीं सुमारें सत्तर टक्के ठिकाणीं तो नवरा होता, आणि उरलेल्या सुमारें तीस टक्के ठिकाणीं बायको. दीर्घकाळाची ताटातूट दोघांसही सोसावी लागते, व तिचे परिणामही दोन्ही बाजूंस होतात. म्हणून कोणी आणला हा वाद घरांत न काढतां दोघांची तपासणी एकाच वेळीं करून घ्यावी. एक बाधित व दुसरा निर्दोष असें पुष्कळदां निघतें, आणि तेव्हां निर्दोष राहिलेल्यास तसेंच ठेवणें औषधानें व निरोधानें शक्य असतें. त्याच थेंबावर उपदंशाचीही, म्हणजे ज्याला लोक गरमी म्हणतात त्याची, तपासणी होते. तो रोग पोटांतल्या मुलाचा घात करतो आणि पेनिसिलीनच्या सुईनें बरा होतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

आतां आमच्या वाचकांस, विशेषतः उंसवाल्यांस व साखर कारखान्यांच्या सभासदांस, थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे. ज्या दिवशीं टोळी तळावर उतरते त्याच आठवड्यांत तिच्यांतील गरोदर स्त्रियांची यादी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पोंचती करणें कारखान्याच्या शेतकी खात्यास मुळींच कठीण नाहीं. प्रत्येक फडाची नोंद त्याजकडे असतेच. तपासणीच्या दिवसाचा खाडा लावावयाचा नाहीं, ही अट मुकादमाच्या करारांत घालतां येते. महिन्याकांठीं एक दिवस जोडप्याची मजुरी भरून दिली तर टनामागें किती भार पडेल, ह्याचा हिशेब आमच्या एखाद्या सभासदानें करून पाहावा. तो इतका क्षुल्लक निघेल कीं आजवर हें कां झालें नाहीं ह्याचीच लाज वाटेल. आठवड्यांतून एकदां आरोग्य केंद्राची गाडी तळावर आणणें, तिच्यासाठीं एक बंद खोली किंवा आडोसा देणें, हेंही होण्यासारखें आहे.

परंतु येथें एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. यादी करावयाची ती गरोदर स्त्रियांची, बाधितांची नव्हे. तपासणीचा निकाल ज्याचा त्यास व डॉक्टरास ठाऊक असावा. तो मुकादमाच्या, चिटणिसाच्या किंवा शेतमालकाच्या कानीं जातां कामा नये, त्यांचा हेतु कितीही चांगला असो. एकदां तळावर कुजबूज सुरू झाली कीं पुढल्या तपासणीस एकही बाई येत नाहीं. हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाहीं. एच्. आय्. व्ही. व एड्ससंबंधींचा कायदा २०१७ सालीं झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. त्याअन्वयें संमतीवांचून तपासणी करणें, निकाल फोडणें, रोगाच्या कारणास्तव कामावरून काढणें, दवाखान्यांत उपचार नाकारणें किंवा राहती जागा सोडावयास लावणें ह्या सर्व गोष्टींस मनाई आहे. सक्तीनें सर्व टोळी तपासून घ्यावी असें कोणी उत्साहाच्या भरांत सुचविल्यास त्यास हें सांगावें.

आणि ज्या घरांतून माणसें बाहेर जातात त्यांनीं निघण्यापूर्वीं काय करावें? गरोदर स्त्रीनें कार्ड पेटींत न ठेवितां कपड्यांच्या गांठोड्यांत घ्यावें. औषध चालू असेल तर ए. आर्. टी. केंद्रांत जाऊन आपण अमुक तालुक्यास, अमुक महिन्यापर्यंत जात आहों असें सांगावें, अधिक महिन्यांच्या गोळ्या मिळतील काय हें विचारावें, आणि तिकडील केंद्राच्या नांवाची चिठ्ठी मागून घ्यावी. जवळचें केंद्र कोणतें हें कळत नसेल तर १०९७ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. त्यास पैसे पडत नाहींत व नांव सांगावें लागत नाहीं. मुंबई-पुण्यास राहणाऱ्या पुरुषानें बायको गरोदर असल्याचें कळतांच तेथेंच आपली तपासणी करून घ्यावी, म्हणजे गांवीं येतांना निकाल त्याच्यापाशीं असेल.

तारखांचा हिशेब मात्र प्रत्येकानें स्वतः मांडावा, कारण आपल्या हंगामाशीं तो कधींच जुळत नाहीं. पौष-माघांत जन्मलेल्या बाळाची सहा आठवड्यांची तपासणी टोळी फडांत असतांनाच येते. ज्येष्ठांत घरीं जन्मलेल्याची पहिली तपासणी गांवींच होऊन जाईल, पण अठरा महिन्यांची मार्गशीर्षांत, म्हणजे पुढल्या वर्षाच्या ऐन हंगामांत पडेल. ती तारीख कार्डावर शाईनें लिहून घ्यावी, आणि मुकादमाशीं उचलीचें बोलणें होईल त्याच दिवशीं त्या दिवसाची सुटीही मागून ठेवावी.